तीन घोड्यांचा कंदील

"त्यात काय आहे?" हे तीन शब्द शिवयोगी हत्तुरे बुधवारी संध्याकाळी चाळीच्या सभेत बोलला नसता, तर शुक्रवारी त्याच्यावर जे प्रसंग ओढवले ते ओढवले नसते. पण माणूस तेवीस वर्षांचा असला, भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेला असला आणि सभेत सगळे गप्प बसलेले असले, की असे शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडतात. तोंडाला झडप नसते.

सोलापुरात बाळीवेशीमागच्या त्या चाळीत अठरा बिऱ्हाडं आणि एक विहीर. त्र्याहत्तर सालचा मे महिना. नळाला दोन दिवसांआड तासभर पाणी यायचं, ते पिण्याला जेमतेम पुरायचं. धुणं, भांडी, आंघोळी, सगळं विहिरीवर. आणि त्या विहिरीच्या कठड्यावर आरोग्य कचेरीने नोटीस चिकटवली होती: पाणी दूषित आहे, शुक्रवारी दुपारी तीनच्या आत विहीर उपसून गाळ काढावा, अन्यथा ती बुजवण्यात येईल.

विहीर गेली असती तर सतरा बिऱ्हाडांचे हाल झाले असते. अठराव्याचा मात्र मुक्कामच हलला असता. ते बिऱ्हाड म्हणजे पार्वतम्मा. सत्तरी ओलांडलेली, एकटी, खोलीचा उंबरा विहिरीपासून सहा पावलांवर. कोपऱ्यावरच्या नळावरून घागर आणणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. विहीर नसेल तर तिला नातेपुत्याला मुलाकडे जावं लागणार होतं, आणि तिथे सून होती.

"नातेपुत्याला जाण्यापरीस मलाबी विहिरीसंगं बुजवा," असं तिने सभेत जाहीर सांगितलं.

चाळीचे सेक्रेटरी सिद्धप्पा, यांचं धान्याचं दुकान, म्हणाले, "अम्मा, उपसायला मजूर कुठून आणू? सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेत."

त्यावर शिवयोगी उठला. टेंभुर्णीला त्याच्या मावसभावाकडे इंजिनाचा पंप होता. छोटा, तीन अश्वशक्तीचा, दोन माणसांनी उचलून कुठेही ठेवावा असा. "तो आणू, लावू, तासा-दीडतासात विहीर रिकामी. त्यात काय आहे?"

काय काय आहे, याची सुरुवात गुरुवारी सकाळी रॉकेलच्या परवान्यापासून झाली. ते इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि तापलं की रॉकेलवर चालायचं. पेट्रोल लिटरभर पुरणार होतं. रॉकेलला परवाना लागत होता, आणि परवान्याच्या फॉर्मवर ‘वापर’ या मथळ्याखाली दोनच रकाने होते: चूल आणि कंदील.

"इंजिन आहे," शिवयोगी म्हणाला.

"बरोबर. पण चूल की कंदील?" कारकुनाने विचारलं. त्याच्या आवाजात यत्किंचितही थट्टा नव्हती, हेच शिवयोगीला भयंकर वाटलं.

"अहो, दोन्ही नाही. ते इंजिन आहे, तीन अश्वशक्तीचं."

"दोन्ही नाही म्हणजे वापर नाही. वापर नाही म्हणजे रॉकेल नाही. पुढचे या."

मागे तीसेक माणसं उभी होती आणि सगळ्यांचा कल चुलीकडे होता. शिवयोगीने तत्त्वाचा विचार केला, विहिरीचा विचार केला, आणि ज्वलनाची क्रिया दोन्हीकडे मूलतः एकच आहे असं स्वतःला पटवून ‘कंदील’वर खूण केली. कारकुनाने शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘मोठा’. दहा लिटर रॉकेल घेऊन शिवयोगी बाहेर पडला तेव्हा त्याचे कान तापले होते. आयुष्यात प्रथमच त्याने एखाद्या सरकारी कागदावर खोटी नोंद केली होती, आणि तीही तीन घोड्यांची.

संध्याकाळी टेंभुर्णीहून येणाऱ्या ट्रकने पंप उतरवला. मावसभाऊ बरोबर येणार होता. तो आला नाही. त्याच्याऐवजी सूचनांचा एक तेलकट इंग्रजी कागद आला. शिवयोगीने तो तीनदा वाचला आणि निश्चिंत झाला. कागदावर बारा कलमं होती आणि सगळी त्याला पटली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता विहिरीभोवती सगळी चाळ जमली. शिवयोगीने दोरीला दगड बांधून मोजमाप घेतलं. पाणी चौदा फुटांवर, पाण्याची खोली आठ फूट, म्हणजे तळ बावीस फुटांवर. सोलापूरच्या उंचीला हवेचा दाब फार तर बत्तीस फूट पाणी चढवील. गळती, घर्षण वगैरे वजा जाता चोवीस धरू. बावीस म्हणजे बसतंय. त्याने वहीत हे लिहून खाली रेघ ओढली.

"वर कसं येनार म्हनलास?" ज्ञानबामामांनी विचारलं. हे रेल्वेतले निवृत्त फायरमन. मूळचे माढ्याकडचे. तीस वर्षं इंजिनात कोळसा टाकल्यामुळे जगातल्या कुठल्याही इंजिनाबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार आहे, असं ते मानत.

"मामा, पंप पाणी ओढत नाही. पंप नळीतली जागा मोकळी करतो, आणि बाहेरची हवा पाण्याला खालून वर ढकलते."

पार्वतम्मा उंबऱ्यावर बसून ऐकत होती. "अय्यो, हवा ढकलती? मग पंप कशाला आणलास, तम्मा? हवा हितं फुकट हाय की."

यावर चाळ खळखळून हसली, आणि शिवयोगीने पुढचं कलम वाचायला घेतलं. पंप सुरू करण्यापूर्वी त्याचं पोट आणि विहिरीत सोडलेली नळी पाण्याने काठोकाठ भरावी. डोक्यावर बूच आहे, ते काढून पाणी ओतावं. नळीच्या खालच्या टोकाला पितळी जाळीत एक झडप असते, तिचं इंग्रजी नाव फूटव्हॉल्व्ह, टेंभुर्णीकडे तिला फुटबॉल म्हणतात. ती पाणी वर येऊ देते, पण खाली जाऊ देत नाही. त्यामुळे ओतलेलं पाणी नळीत टिकून राहतं. सातवं कलम: पाणी स्वच्छच वापरावे.

"म्हंजे पानी काडायला आदी पानी वतायचं?" ज्ञानबामामा.

"हो."

"आन् ते बी प्यायचं?"

"स्वच्छ, म्हणजे पिण्याचं. सातवं कलम आहे."

खरं तर त्याच विहिरीचं चार बादल्या पाणी काढून ओतलं असतं तर भागलं असतं. पण विहिरीचं पाणी हिरवट, त्यात गाळ, आणि कलम छापील. शिवयोगी छापील कलमाच्या बाहेर कधी गेला नव्हता, कालचा कंदील सोडला तर.

पहिली घागर कुणाची, यावर वीस मिनिटं गेली. विहिरीला एवढं नवं काम होतंय म्हटल्यावर पहिल्या घागरीचा मान मोठा. सेक्रेटरी म्हणून सिद्धप्पा पुढे सरसावले; बजाबाई म्हणाली, सर्वांत जास्त धुणी मी धुते, मान माझा. ही बजाबाई चार घरची धुणीभांडी करायची, आणि तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस चाळीत नव्हता. शेवटी असं ठरलं, की प्रत्येक बिऱ्हाडाने आपापली एक घागर ओतायची, म्हणजे कुणाचाच अपमान नको.

इथून धक्क्यांना प्रारंभ झाला.

पाचव्या घागरीला पंप भरायला हवा होता. शिवयोगीने नळीचं घनफळ काढलं होतं. पाच झाल्या, आठ झाल्या. नवव्या घागरीला बुचातून पाणी वर दिसलं, एक बुडबुडा आला, शिवयोगीने झटकन बूच आवळलं आणि चाकाला गुंडाळलेली दोरी खेचली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन असं गरजलं की दोन बिऱ्हाडांची मांजरं कौलांवर गेली. सगळे बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाकडे डोळे लावून बसले. नळी दोनदा खोकली, तिने वाटीभर पाणी टाकलं आणि नुसतीच हवा सोडत राहिली.

"हवा ढकलायलीय," पार्वतम्मा म्हणाली.

शिवयोगीने इंजिन बंद करून बूच उघडलं. पंपाचं पोट ठणठणीत कोरडं होतं. नऊ घागरी पाणी! तो बुचात डोळा घालून कितीतरी वेळ पाहत राहिला, जणू पाणी कुठल्यातरी कोपऱ्यात लपून बसलं असावं.

पुन्हा ओतलं. पुन्हा गर्जना, पुन्हा खोकला. मग साबणाचा फेस लावून सांधे तपासले; कुठे हवा शिरत नव्हती. सिद्धप्पांनी इंजिनाची दिशा बदलून पाहावी असं सुचवलं. कुणीतरी पंप उत्तरेला तोंड करून चालत नाही, असं ऐकल्याचं सांगितलं. ज्ञानबामामा म्हणाले, "पावशेर शेन कालवून वत आत. समदी भोकं बुजत्यात. आमच्या शिवारात आसंच करत्यात."

"मामा, कलम सात!"

"तुजं कलम राहू दे. पानी कुटं हाय?"

दहा वाजेपर्यंत प्रत्येक बिऱ्हाडाच्या दोन घागरी झाल्या होत्या, आणि दोघांच्या तीन. पुढचा नळ रविवारी. बायकांच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच मावळलं होतं. तेव्हा बजाबाई कमरेवर हात ठेवून शिवयोगीपुढे आली.

"मास्तर, येक इचारू? ह्यात वतलेलं पानी जातंया कुटं?"

असा प्रश्न आपल्याला पडला नाही, याचा शिवयोगीला धक्का बसला. एक घागर ओतायला सांगून तो कठड्यावरून खाली वाकला. वरून पाणी ओतलं की खाली विहिरीत नळीच्या टोकापाशी पाणी खळबळत होतं. झडप मिटत नव्हती. अठरा बिऱ्हाडांचं पिण्याचं पाणी नळीतून सरळ विहिरीत चाललं होतं.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण शिवयोगीच्या हातात वही होती. घागरी अडतीस, घागर चौदा लिटरची, विहिरीचा व्यास दहा फूट.

"सांडलेलं वजा जाता," तो सुन्न आवाजात म्हणाला, "विहिरीचं पाणी अडीच इंचांनी वाढलंय."

विहीर उपसायला आणलेल्या पंपाने विहीर भरली होती. मग एकदम अठरा बिऱ्हाडं बोलू लागली, आणि त्यात ‘बी.एस्सी.’ ही अक्षरं ज्या सुरात आली त्या सुरात ती कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नसतील. पार्वतम्मा मात्र उठून आत गेली आणि पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. तो आवाज शिवयोगीला सर्वांत लागला.

"सरक बाजूला," बजाबाई म्हणाली. तिने पोहरा विहिरीत सोडला, हिरवट पाणी भरून वर घेतलं आणि बुचात ओतलं. एक पोहरा, दोन, पाच, सहा. सातव्या पोहऱ्याला पाणी बुचाशी येऊन थांबलं. हललंच नाही. शिवयोगी घड्याळ धरून बसला. एक मिनिट, दोन मिनिटं. पाणी काठोकाठ.

त्याने बूच आवळून दोरी खेचली. इंजिन गरजलं, नळी ताठ झाली, आणि मनगटाएवढी हिरवी धार अंगणापलीकडच्या गटारात अशी आदळली की सिद्धप्पांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. चाळीने आरोळी ठोकली.

"मशीनला घान पानीच लागतंय!" बजाबाईने निकाल दिला. "तुमचं प्यायचं पानी त्याला सोसंना."

"अशक्य," शिवयोगी म्हणाला. "पूर्णपणे अशक्य. झडपेला पाण्याची चव कळत नाही."

"आता गूळ खाऊन झाला असंल त्याचा," पार्वतम्मा आतून बाहेर येत म्हणाली.

इंजिनाच्या आवाजात शिवयोगीला वाटलं आपल्याला भास झाला. "कसला गूळ?"

"तोंड नको गोड करायला? पाव्हणं आलंय दारात. नव्या बैलाला देतो, नव्या सुनेला देतो, मग ह्यानं काय पाप केलं? सकाळी तुम्ही नळी सोडायच्या आदी मी ज्ञानबाला इचारलं, ह्याचं पाणी प्यायचं तोंड कंचं. त्यानं ती पितळी जाळी दावली. आत जीभ बी होती. जिभेखाली लिंबाएवढा चिक्कीचा गूळ सारला. चांगला दाबून."

शिवयोगी पंपाशेजारीच जमिनीवर बसला. जीभ म्हणजे झडप. चिक्कीचा कडक गूळ झडपेखाली पाचरीसारखा बसलेला, तीन तास कणाकणाने विरघळत होता. तोवर झडप मिटणं शक्य नव्हतं. सगळं सुसंगत होतं. शास्त्र कुठेही खोटं पडलेलं नव्हतं, फक्त त्याच्या बारा कलमांत गूळ कुठेच नव्हता. हे सगळं त्याने चाळीला समजावून सांगितलं.

"तेच की," ज्ञानबामामा शांतपणे म्हणाले. "तोंडात गूळ आसताना पानी कोन पितं?"

पेट्रोल संपून रॉकेल लागलं आणि पंपाने सव्वा तासात विहीर कोरडी केली. बजाबाई आणि तिघेजण खाली उतरले. तीन वाजायला पाच मिनिटं असताना गाळाची शेवटची पाटी वर आली. खाली खडक धुतल्यासारखा चकचकीत दिसत होता. शिवयोगीने तोंडावरचं वंगण पुसलं आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं.

तीनला आरोग्य कचेरीचे इन्स्पेक्टर आले. सायकल, फाईल, नमुन्याची बाटली. त्यांनी विहिरीत डोकावलं, फॉर्म काढला आणि म्हणाले, "पाणी कुठाय?"

"उपसलं की साहेब," सिद्धप्पा हसून म्हणाले. "तुमच्या हुकमाप्रमाणे."

"कलम चार. सफाईनंतर दोन फूट खोलीच्या पाण्यातून नमुना घ्यावा. इथं पाणी नाही, म्हणजे ही कोरडी विहीर. कोरडी विहीर धोकादायक, ती बुजवावी, असं वेगळं परिपत्रक आहे." ते पेन उघडायला लागले.

"साहेब, तुम्हीच उपसायला सांगितली!"

"उपसायला सांगितली. कोरडी करायला नाही."

चाळीला तोंडात बोट घालायचंही भान राहिलं नाही. छापील कलमांवर आयुष्यभर श्रद्धा ठेवणाऱ्या शिवयोगीला तर आपलंच भूत समोर उभं राहिल्यासारखं झालं. तेवढ्यात खालून बजाबाई ओरडली, "झरा लागला वो! बोटाएवढा! थंडगार!"

शिवयोगी खुणा केलेली काठी घेऊन दोरीने खाली उतरला. काठी तळाला रोवली, पंधरा मिनिटं घड्याळ लावलं. दोन इंच. तो वर आला आणि म्हणाला, "साडेसात मिनिटांना एक इंच. दोन फुटांना तीन तास. सहा वाजून दहा मिनिटांनी नमुना घेता येईल."

‘अर्ध्या तासात’ असं सांगितलं असतं तर साहेब थांबले असते, हे अठरा बिऱ्हाडांना कळत होतं; गणित येणाऱ्या एकट्याला कळत नव्हतं. ज्ञानबामामांनी कपाळावर हात मारला. "आरं, सहा धा? कचेरी साडेपाचला मिटती!"

पण इन्स्पेक्टरांचं पेन मध्येच थांबलं होतं. "सहा दहा? मिनिटावर?"

"मिनिटावर."

"मी एकवीस वर्षं विहिरी बघतोय. विहीर मिनिटावर चालत नसते, मिस्टर."

"चालते. गणित आहे."

"अस्सं?" साहेबांनी फाईल मिटली आणि पार्वतम्माच्या ओट्यावर बैठक मारली. "बघूच मग. मलाही घाई नाही."

चहा झाला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी झाली. दर अर्ध्या तासाने साहेब स्वतः वाकून काठी वाचत होते. साडेपाच होऊन गेले. साहेब हलले नाहीत. शिवयोगीने मात्र पाच वाजता काठी वाचली तेव्हाच त्याला आपली चूक कळली होती. पंधरा इंचांऐवजी साडेतेरा-चौदाच भरले होते. पाणी चढलं की त्याचा भार झऱ्यावर येणार आणि झरा मंदावणार, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. सहा दहा चुकणार होते. तो सांगायला दोनदा उठला. दोन्ही वेळा त्याची नजर पार्वतम्माकडे गेली. अंक वाचता न येणारी ती म्हातारी काठीकडे बघत लसूण सोलत होती. दोन्ही वेळा तो खाली बसला.

सहा वाजून दहा मिनिटं. बावीस इंच.

"दोन इंच कमी!" इन्स्पेक्टर ओट्यावरून उडीच मारून उठले. "बघा! बघा मंडळी! विहिरीनं बी.एस्सी.ला हरवलं! काय हो मिस्टर, चुकलं की नाही शास्त्र?"

शास्त्र चुकलं नव्हतं. शास्त्र वापरणारा घाईत होता. हे वाक्य शिवयोगीच्या ओठांपर्यंत आलं. बजाबाईने त्याच्या पायावर पाय दिला.

"चुकलं साहेब," तो म्हणाला.

साहेब इतके खूष झाले की त्यांनी हसत हसत बाटली सोडून नमुना भरून घेतला. "पण साहेब, अजून दोन इंच..." शिवयोगी चाचरला. "अहो, दोन इंचांनी काय आभाळ कोसळतंय?" एवढं बोलून त्यांनी फॉर्मवर भराभर लिहिलं: पाणी दोन फूट, विहीर जिवंत, बुजवण्याची आवश्यकता नाही. दुपारी विहिरीच्या जिवावर उठलेला हाच माणूस! शिवयोगी बघतच राहिला. तोच साहेबांनी फॉर्म त्याच्यापुढे धरला. "मोजमाप तुमचं. साक्षीदार म्हणून सही करा."

दोन फूट. खाली काठीवर बावीस इंच. कंदिलाला अजून दोन दिवसही झाले नव्हते.

शिवयोगीने कठड्याला टेकून फॉर्म हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं कलम वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यातल्या एका शब्दाचा अर्थ साहेबांना विचारला. मग मागची बाजू वाचली, तिच्यावर मुद्रणालयाचं नाव होतं तेही वाचलं, आणि परत पहिल्या कलमावर आला.

"सही करा की हो!" साहेब सायकल धरून उभे होते.

"वाचल्याशिवाय सही करू नये, साहेब."

चाळ अवघडून उभी राहिली. सिद्धप्पा घाम पुसू लागले. सहा वाजून एकोणतीस मिनिटांनी शिवयोगीने पाचव्यांदा कठड्यावरून खाली काठीकडे नजर टाकली, खिशातलं पेन काढलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सही ठोकून दिली.

साहेबांची सायकल बोळाबाहेर वळली. पार्वतम्माने आपली छोटी कळशी दोरीला बांधून विहिरीत सोडली. ज्ञानबामामा शिवयोगीकडे कितीतरी वेळ कीव आल्यासारखे बघत होते.

"पोरगं हुशार हाय," ते शेवटी सिद्धप्पांना म्हणाले, "पर वाचायला लई येळ लागतो बगा त्याला."